पॉवर वीडर: दोन हंगाम उसात चालवला, बरंवाईट सगळं लिहितोय

पॉवर वीडर, म्हणजे मागनं हँडल धरून चालवायचं तण काढायचं मशीन, घेऊन आता दोन हंगाम पूर्ण झाले म्हणून लिहायला बसलो. 7 एचपी पेट्रोल, फ्रंट रोटरी (पाती पुढच्या बाजूला), 212 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, दोन गिअर पुढं एक मागं, रशी ओढून चालू करायचं. मला 48 हजाराला पडला, चाकं आणि सरी ओढायचा फाळ घेतला त्याचे पैसे वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि दुकानाचं तर अजिबात नाही, मला कुणाशी भांडण करायचं नाही, पुढं जो कोण असलं मशीन घेईल त्याचे हातपाय शाबूत राहावेत एवढ्यासाठी हे लिहितोय.

आमचं रान करवीर तालुक्यात नदीच्या अंगाला, काळं, सगळा ऊस 86032 जातीचा, साडेचार फुटी सरी. भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, माणसं मिळत नाहीत हे आता सगळ्यांनाच माहीत आहे, मिळाली तरी एकाच वेळी अख्ख्या गावाला पाहिजे असतात, आणि हरळी काय आपली वाट बघत थांबत नाही. बैल आमच्याकडं होते ते वडील गेल्यावर विकले. ट्रॅक्टर ऊस लहान असताना सरीत जातो पण वळताना दोन्ही टोकाचा ऊस तुडवतो, आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला आपल्या वाफशाला, म्हणजे रान ना ओलं ना कडक असतं तेव्हा, येईलच असं नाही. म्हणून वीडर.

कामाला मशीन चांगलं आहे, हे आधी सांगतो. वाफसा बरोबर असेल तर एकरात साडेतीन-चार तासात दोन फेऱ्या होतात, पेट्रोल तीन-साडेतीन लिटर जातं. बाहेरची पाती काढून रुंदी कमी करता येते त्यामुळं साडेचार फुटी सरीत उसाच्या बुडख्याला धक्का न लागता चालतो. बाळभरणीला, म्हणजे लहान उसाला हलकी माती लावायला, तर फारच उपयोगी पडला, माती भुसभुशीत होऊन बुडख्याला लागते. ऊस मांडीएवढा होईपर्यंत वापरता येतो, त्याच्या पुढं पाला अंगावर यायला लागला की आत शिरूच नये, समोरचं दिसत नाही. आणि रान ओलं असताना घातला की काळी माती पात्यांना गोळा होऊन बसते, नुसता चिखलाचा रूळ फिरल्यासारखं होतं, काम काही होत नाही, इंजिन मात्र तापतं. तेव्हा घाई न करता एक दिवस थांबलेलं परवडतं. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तण काढतो पण उसाच्या दोन रोपांच्या मधलं तण खुरप्यानंच काढायला लागतं, भांगलण पूर्ण बंद होते असं जे दुकानात सांगतात ते खरं नाही, निम्म्याच्या खाली येते एवढं नक्की.

आता दुकानाचं. मशीन ताब्यात देताना आम्हाला एकूण पंधरा मिनिटं दिली. त्यात दहा मिनिटं बिल आणि वॉरंटी कार्ड. खोक्यातनं आलेल्या नवीन मशीनमधे इंजिन ऑइल नसतं, कोरडं येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, मी पुस्तक वाचलं म्हणून कळलं. गिअरपेटीत होतं. शेजारच्या गावात एकानं तसंच रशी ओढून चालू केलं होतं, पिस्टन धरून बसला, मशीन एक गुंठासुद्धा चाललेलं नव्हतं. दुकानानं देताना डिपस्टिक काढून गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर ऑइल दाखवायला दोन मिनिटं लागतात की नाही? पुस्तक पण इंग्रजीत. चित्रं बघून कळतं थोडं, पण धोक्याच्या सूचना सगळ्या अक्षरात आहेत आणि त्याच मराठीत नाहीत.

त्याहून वाईट पुढंच आहे. रानात डेमो दाखवायला जे पोरगं आलं होतं त्यानं दहा मिनिटं चालवून दाखवलं आणि मग खिशातनं ट्यूबची एक रबरी पट्टी काढली आणि हँडलवरचा क्लचचा लिवर दाबून त्या पट्टीनं बांधून टाकला. म्हणाला, "काका, सारखं दाबून धरलं की हात भरून येतोय, हे असं बांधायचं आणि निवांत चालवायचं, सगळेच असं करालेत." आम्हाला पण बरं वाटलं. खरं सांगायचं तर पहिला अर्धा हंगाम आम्ही तसंच चालवलं.

हा लिवर म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. हँडल धरून लिवर दाबला की क्लच धरतो आणि पाती फिरतात. हात सुटला, पाय घसरला, चक्कर आली, काहीही झालं की लिवर आपोआप सुटतो आणि पाती थांबतात. इंजिन चालू राहतं पण पात्यांची ताकद तुटते. म्हणजे माणूस मशीनजवळ उभा आहे तोपर्यंतच मशीन फिरणार, माणूस पडला की मशीन थांबणार, अशी ती रचना आहे. तो बांधला की मशीनला माणूस आहे का नाही ते कळत नाही.

माझ्या चुलतभावाचा पोरगा, वय 23, चालवत होता. सरीत ड्रिपची नळी गोळा करून बांधाला टाकायची राहिली होती ती पात्यात गुंडाळली. त्यानं गिअर न्यूट्रलला टाकला, इंजिन तसंच हळू रेसवर चालू, लिवर पट्टीनं बांधलेला, आणि वाकून नळी ओढायला लागला. गिअर पूर्ण न्यूट्रलला गेलाच नव्हता, अर्धवट होता. नळीचा पीळ सुटला आणि पाती एक फेरा फिरली. एकच फेरा. उजव्या हाताची दोन बोटं सापडली. एक डॉक्टरांनी वाचवलं, एकाचं पहिलं पेर गेलं. मी बांधावर होतो, पळत जाऊन पहिल्यांदा ती पट्टी कापली, इंजिन बंद केलं आणि मग हात सोडवला, त्या अर्ध्या मिनिटात पोरानं तोंडातनं आवाज काढला नाही, ते मला अजून आठवतं. आता तो मोटरसायकल चालवतो, कोयता धरतो, पण थंडीत बोट ठणकतं म्हणतो.

त्या दिवसानंतर आमच्याकडं नियम एकच. पात्यात काहीही अडकलं, नळी असो, पाचट असो, हरळीचा गुंता असो, तर लिवर सोडायचा, इंजिनचं बटण बंद करायचं, पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघायची, मग स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला करायची आणि मगच खाली वाकायचं. टोपी का काढायची तर हातानं पाती फिरवताना इंजिनपण फिरू शकतं आणि गरम इंजिन कधी कधी तेवढ्यावरसुद्धा पेट घेतं. आणि तरीसुद्धा हात नाही घालायचा, कोयत्यानं किंवा हूक केलेल्या सळीनं कापून काढायचं, कारण इंजिन बंद असलं तरी गुंडाळलेल्या नळीत ताण भरलेला असतो, ती कापली की पाती थोडी तरी सरकतातच. याला पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

माझा भाचा कॅनडात असतो, टोरांटोच्या बाहेर. त्याच्याकडं घरासमोरचा बर्फ उडवायचं मशीन आहे, आपल्या वीडरसारखंच मागनं हँडल धरून चालवायचं, पुढं पात्यांऐवजी मोठा स्क्रू असतो तो बर्फ आत ओढतो आणि आतला पंखा वरच्या नळकांड्यातनं लांब फेकतो. पोराचा हात दुखावल्याचं ऐकल्यावर त्यानं व्हिडिओ कॉलवर त्याचं मशीन दाखवलं. म्हणाला, "मामा, आमच्याकडं पण नेमकं असंच होतंय बघा, ओला बर्फ नळकांड्यात बसतो आणि लोक हातानं काढायला जातात." त्याच्या हँडलवर दोन लिवर आहेत, एक चाकाचा एक स्क्रूचा, दोन्ही सोडले की दोन्ही थांबतात. आणि मशीनवरच एक प्लॅस्टिकची लांब काठी खोबणीत बसवलेली येते, अडकलेला बर्फ फक्त तिनं काढायचा, कंपनीच देते. बर्फ आतमधे दाबून बसलेला असला की इंजिन बंद केल्यावरही पंख्याला ताण असतो, अडथळा निघाला की तो हिसका मारतो, आपल्या नळीसारखंच. दगड किंवा गोठलेला पेपरचा गठ्ठा स्क्रूत सापडला तर गिअरपेटी फुटू नये म्हणून तिथं मुद्दाम मऊ बोल्ट घातलेले असतात, ते आधी तुटतात. त्याच्या शेजाऱ्यानं तो तुटला म्हणून साधा कडक बोल्ट घातला आणि पुढच्याच वेळी गिअरपेटी गेली. मला हे ऐकून आपलेच लोक आठवले, पिन तुटली की खिळा ठोकणारे. आमच्या वीडरला पाती ज्या दांड्यावर बसतात तिथं पिना आहेत, त्या दुकानातनं आणून ठेवतो, दहा-वीस रुपयाच्या आहेत, खिळा घालत नाही.

तर मग मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन वेल्डिंगवाल्याकडनं तशीच एक सळी करून घेतली, एका टोकाला हूक, एका टोकाला चपटी धार, आणि हँडलला दोन क्लिपा मारून ती तिथंच अडकवली. मशीनवरच असल्यामुळं शोधायला लागत नाही, आणि शोधायला लागत नाही म्हणून वापरली जाते. त्याचे 150 रुपये गेले. मशीन कंपन्यांनी ही काठी खोक्यातच द्यावी, 48 हजारात 150 रुपये काय मोठं नाही.

लिवर दाबून हात भरून येतो ही तक्रार मात्र खरी आहे, ती खोटी म्हणणार नाही. पण त्याचं कारण आम्हाला नंतर कळलं, क्लचची वायर कोरडी पडली होती आणि जास्त ताणलेली होती. वायरीत चार थेंब ऑइल सोडलं, अॅडजस्टर थोडा ढिला केला, लिवर निम्म्या जोरानं दाबला जायला लागला. फार ढिला करायचा नाही, क्लच घसरतो आणि जळका वास येतो. लिवर सोडल्यावर पाती लगेच थांबतात का हे रोज पहिल्या सरीला बघायचं, थांबत नसतील तर वायर नीट केल्याशिवाय चालवायचं नाही. आणि हात दुखलाच तर दोघांनी आलटून पालटून चालवा. थरथर पण भरपूर आहे, सलग दोन तास चालवलं की बोटं बधीर होतात, आम्ही पाऊण तासाला माणूस बदलतो.

चालवायचं तंत्र पण कुणी शिकवलं नाही, तेही लिहितो. मागं जी खाली जाणारी दांडी असते, खोली कमीजास्त करायची, तिला लोक फालतू समजून काढून टाकतात. तीच खरं तर मशीनला आवरते. ही दांडी मातीत रोवली की मशीन पुढं पळायचं कमी होतं आणि पाती जागेवर खणतात. दांडी वर असली की कडक रानात पाती मातीवर चालायला लागतात, मशीन घोड्यासारखं पुढं उसळतं आणि माणूस हँडलला लोंबकळत मागनं पळतो. सुरुवातीला आमचं हेच होत होतं आणि आम्ही मशीनलाच नावं ठेवत होतो. कडक रानात एका दमात खोल जायला बघू नका, पहिली फेरी वरच्यावर, दुसरी खोल.

रिव्हर्स गिअरला सगळ्यात जास्त जपायला पाहिजे. पुढच्या बाजूला पाती असलेलं मशीन मागं घेताना पाती आपल्या पायाकडं चालत येतात. मागं बांध असेल, बुडखा असेल, अडखळून पडलात तर मशीन अंगावर. आम्ही सरीच्या टोकाला रिव्हर्स टाकतच नाही, लिवर सोडतो, हँडलवर वजन टाकून पाती उचलतो आणि जागेवर वळवतो. अगदीच घ्यायचा झाला तर मागं वळून बघायचं, रेस पूर्ण कमी करायची आणि एक-दोन फूटच. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला शेवटची सरी मशीननं करायचीच नाही, ती खुरप्यानं. उताराच्या रानात आडवं चालवताना मशीन कलतं, आणि ज्या इंजिनला कमी ऑइलचा सेन्सर आहे ते कललं की बंदही पडतं. ते बंद पडतंय म्हणून सेन्सरची वायर तोडून टाकणारे मिस्त्री आहेत. तोडू देऊ नका, ऑइल बघा, मशीन सपाटीला आणा.

पात्यांवरचं मडगार्ड काढून टाकायची पण एक पद्धत पडली आहे, माती अडकते म्हणून. ते काढलं की खडे, काचा, जुन्या नळीचे तुकडे सगळं चालवणाऱ्याच्या नडगीवर येतं. आणि पाय घसरला तर पाय आणि पाती यांच्यामधे काहीच राहत नाही. माती अडकते हे खरं आहे, ती मशीन बंद करून काढायची. चप्पल घालून कुणी चालवायचं नाही, आमच्याकडं आता गमबूट आहेत, पुढं स्टीलची टोपी असलेले बूट मिळाले तर आणखी चांगलं. लुंगी, गळ्यातला टॉवेल, उपरणं, लोंबणारी नाडी, काही नको. घरातल्या बायका चालवणार असतील तर पदर घट्ट खोचून भागत नाही, वर शर्ट आणि खाली पँट घालायची, आमची वहिनी तशीच चालवते आणि आमच्यापेक्षा सरळ चालवते. कानात बोळा घाला, आवाज जास्त आहे. आणि मशीनच्या पुढं किंवा बाजूला कुणी उभं राहायचं नाही, विशेषतः लहान पोरं, ती बघायला येतातच, त्यांना बांधावर बसवायचं नाही तर सरळ घरी पाठवायचं.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, सायलेन्सर लालबुंद नसला तरी पेट्रोल पेटायला पुरेसा गरम असतो. पाण्याच्या बाटलीतनं पेट्रोल नेऊ नका, रानात तहानलेला माणूस बाटली बघतो, आत काय आहे ते बघत नाही. वेगळा कॅन, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आणि गवत कापायचं टू स्ट्रोक मशीन ज्यांच्याकडं आहे त्यांनी दोन कॅन करा, त्याच्यात पेट्रोलमधे ऑइल मिसळायला लागतं, वीडरच्या फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळं. आमच्या गड्यानं एकदा मिसळलेलं ओतलं होतं, धूर आणि प्लग काळाकुट्ट, टाकी रिकामी करायला लागली. गोठ्यात किंवा बंद शेडमधे मशीन चालू ठेवून ट्यूनिंग करत बसू नका, धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला वास नसतो, माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि उठतच नाही. भाचा सांगत होता, तिकडं थंडी म्हणून लोक बर्फाचं मशीन गॅरेजमधे चालू करतात आणि असेच जीव जातात.

देखभालीचं म्हणाल तर कठीण काहीच नाही, फक्त नेमानं करायला पाहिजे. आमच्या पुस्तकात पहिलं इंजिन ऑइल 20 तासांनी बदलायला सांगितलंय आणि नंतर 100 तासांनी, आम्ही धुरळ्यात चालतं म्हणून 50 लाच बदलतो. 600 मिली मावतं. नवीन इंजिनच्या पहिल्या ऑइलमधे लोखंडाची बारीक चमक असते, ते काढणं महत्त्वाचं. ऑइल बघताना मशीन सपाट उभं पाहिजे आणि आमच्या इंजिनला डिपस्टिक पिळून न बसवता नुसती टेकवून बघायची असते, पिळून बघितली की चुकीचं माप दिसतं. गिअरपेटीत 90 नंबरचं गिअर ऑइल आहे, त्याच्याकडं कुणीच बघत नाही, दांड्याच्या सीलला हरळीची मुळं नाहीतर नायलॉनचा दोरा गुंडाळला जातो, सील कापतं, ऑइल गळतं, पाणी आत जातं. म्हणून रोज संध्याकाळी पाती काढून दांड्यावरचा गुंता साफ करायचा, प्लगची टोपी काढून, हे परत सांगतो. पाती बदलताना मशीन हँडलच्या बाजूला मागं कलवायचं, एअर फिल्टरच्या कुशीवर आडवं पाडायचं नाही, ऑइल फिल्टरमधे आणि कार्बुरेटरमधे शिरतं आणि मग चालूच होत नाही. पाती डावी-उजवी वेगळी असतात, धार फिरायच्या दिशेला पाहिजे. दुकानातनंच आमची एक बाजू उलटी बसवून आली होती, चार दिवस मशीन एका अंगाला ओढतंय म्हणून आम्ही हैराण.

एअर फिल्टरचा फोम धुरळ्याच्या दिवसात रोज उघडून बघायचा. साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, स्वच्छ इंजिन ऑइलमधे बुडवून घट्ट पिळायचा आणि लावायचा. फिल्टर काढून चालवलं तर ताकद वाढते असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, काळ्या मातीची पूड सिलिंडरमधे गेली की रिंगा घासतात. प्लग काढून रंग बघायचा, विटकरी-तपकिरी असला की ठीक, काळा काजळीचा असला तर फिल्टर तुंबलाय किंवा चोक अर्धा राहिलाय. गॅप 0.7 ते 0.8 मिमी. रशी ओढताना आधी हळू ओढून जिथं जड लागतं तिथपर्यंत आणायची, मग एका दमात, आणि ओढल्यावर हातातनं सोडून द्यायची नाही, हळू आत जाऊ द्यायची. आमची रशी पहिल्या हंगामातच तुटली ती याच कारणानं.

सगळ्यात जास्त त्रास पेट्रोलनं दिला. पंपावर आता ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्याला मी नावं ठेवणार नाही, कारखान्याची बिलं त्याच्यावर पण चालतात. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मशीन पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद पडून राहिलं की टाकीच्या तळाला पाणी साठतं, कार्बुरेटरच्या वाटीत चिकट पिवळा थर बसतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात काढलं तर चालूच होईना, मिस्त्रीनं कार्बुरेटर खोलून दाखवलं, जेट बुजलेला. 400 रुपये. आता हंगाम संपला की टाकी रिकामी करतो, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, वाटीच्या खालचा बोल्ट ढिला करून उरलेलं थेंब काढतो, प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडतो आणि रशी दोनदा हळू ओढतो. पात्यांना जुनं ऑइल फासून कोरड्या जागी फळीवर. मागच्या वर्षी दुसऱ्या ओढीला चालू झालं. भाचा उन्हाळ्यात त्याच्या बर्फाच्या मशीनचं हेच करतो.

आमच्यासारख्या नदीकाठच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. 2019 आणि 2021 ला पंचगंगेनं काय केलं ते सांगायला नको. शेजाऱ्याचा वीडर 2021 ला शेडमधे बुडाला, पाणी उतरल्यावर त्यानं दोन दिवस उन्हात वाळवला आणि चालू केला. ऑइल ताकासारखं पांढरं झालं होतं, तेवढ्यावर अर्धा तास चालला आणि बेरिंग गेलं. पाण्यात बुडालेलं इंजिन आधी चालू करायचंच नाही. प्लग काढून रशी हळू ओढून पाणी बाहेर, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही काढून नवीन, पेट्रोल नवीन, फिल्टर नवीन, थोडा वेळ चालवून ऑइल परत एकदा बदलायचं. त्यापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की मशीन उचलून माडीवर नाही तर उंचावरच्या पाहुण्याकडं. आम्ही चाकं लावून नेतो, पाती फिरवत रस्त्यावरनं नेऊ नका, पाती पण जातात आणि डांबरावर मशीन उड्या मारतं.

स्पेअर पार्टचं कोल्हापुरात अडत नाही, हे आपलं नशीब. 212 सीसीच्या या इंजिनचे प्लग, रशी, गॅस्केट, कार्बुरेटर सहज मिळतात, आणि उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनची कामं केलेले मिस्त्री आहेत, त्यांना हे इंजिन म्हणजे हातचा मळ. ज्या मिस्त्रीकडं आम्ही जातो त्या मामांनी पहिल्या दिवशी मशीन बघून सगळ्यात आधी लिवर दाबून सोडून बघितला आणि विचारलं, "बांधत न्हाईसा न्हवं?" दुकानानं जे पंधरा मिनिटात सांगितलं नाही ते त्यांनी एका वाक्यात विचारलं. गिअरपेटीचे पार्ट मात्र कंपनीचेच लागतात, ते मागवायला लागतात, आठ-दहा दिवस जातात, हंगामात हे फार वाटतं. घेण्याआधी दुकानात विचारा, याचं सील आणि गिअर तुमच्याकडं आत्ता आहेत का, दाखवा.

पेट्रोल घेऊ का डिझेल असं बरेच जण विचारतात. डिझेल 9 एचपीचं बॅक रोटरी (पाती मागच्या बाजूला) जड असतं, ताकद चांगली, डिझेल कमी खातं, पण लहान सरीत वळवायला दोन माणसांची ताकद लागते. दोन-तीन एकर ऊस आणि घरचीच माणसं असतील तर पेट्रोल पुरे. भाड्यानं फिरवायचा असेल तर डिझेल. महाडीबीटीवर अनुदानाला अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, आधी बिल केलं तर अनुदान मिळत नाही, आमच्या गावात दोघांचं असं गेलंय.

आणि दुकानात ताब्यात घेताना हे सगळं त्यांच्याकडनं करून घ्या, लाजू नका: ऑइल डोळ्यासमोर भरायला लावा, पाती नीट बसलीत का बघा, मशीन चालू करून लिवर सोडायला सांगा आणि पाती किती लवकर थांबतात ते बघा. डेमोवाला पट्टी बांधायला लागला तर तिथंच काढायला लावा. मशीनला माझ्याकडनं पाचपैकी चार, ते ज्या पद्धतीनं आमच्या हातात दिलं त्याला पाचपैकी एक. चुलतभावाचं पोरगं आता परत चालवायला लागलंय, मागच्या आठवड्यात पूर्वहंगामी लागणीत दीड एकर त्यानंच केलं, सळी हँडलला अडकवलेली आहे आणि लिवर मोकळा आहे.